मुलं येईनाशी झाली, वर्ग बंद करू का?

पत्राचा गोषवारा

पत्रलेखक ६३ वर्षांचे आहेत. भोसरीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला सगळी नोकरी काढून निवृत्त झाले, आता सिंहगड रस्त्यावरच्या एका मोठ्या सोसायटीत राहतात. जूनपासून दर रविवारी सकाळी दहा ते बारा ते क्लबहाउसमध्ये मुलांना इलेक्ट्रॉनिक्स आणि रोबोटिक्स शिकवतात, एक पैसा न घेता. सुरुवातीला पाचवी ते नववीची १५ मुलं आली होती, आता ४ उरली आहेत. पहिले पाच रविवार पाया पक्का करण्यात गेले: विद्युतप्रवाह, ओहमचा नियम, रेझिस्टरचे रंग, सर्किटमधली चिन्हं. सहाव्या रविवारी जोडणी सुरू झाली. मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून प्रत्येकाचं सर्किट ते स्वतः तपासतात, चुका दुरुस्त करतात आणि मगच बॅटरी लावू देतात. जवळच्या एका क्लासमध्ये मात्र दुसऱ्याच दिवशी मुलं रिमोटची गाडी पळवतात आणि तिचे व्हिडिओ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. मध्यंतरी सोल्डरिंग करताना (तापलेल्या आयर्ननं धातू वितळवून तारा जोडताना) एका मुलाचं बोट पोळलं, त्यावरून त्याच्या आईशी बोलाचाली झाली. स्वतः शाळेत असताना घरचा रेडिओ उघडून ठेवला म्हणून मार खाल्ल्याचंही त्यांनी लिहिलंय. त्यांचा प्रश्न असा: "आजच्या मुलांना धीरच नाही. पाया नको, नुसता तमाशा हवा. पदरचे २५-३० हजार घालून तयार किट आणू, की मानानं वर्ग बंद करू? बायको म्हणते, बंद करा आणि सकाळी फिरायला जात जा."

उत्तर

नमस्कार काका,

सोसायटीत सगळे तुम्हाला काकाच म्हणतात असं पत्रात आहे, म्हणून मीही तेच म्हणते. काकूंचा सल्ला मला अर्धा पटलाय. फिरायला जरूर जा, रविवारी दहाच्या आत परत या म्हणजे झालं.

तुमच्या पत्रात किट आहे, पैसे आहेत, शेजारचा क्लास आहे. पण मी अडले ते एका साध्या वाक्यापाशी. प्रत्येकाचं सर्किट तुम्ही आधी तपासता, चुका दुरुस्त करता आणि मग बॅटरी लावू देता. हे तुम्ही मुलांच्या मायेपोटी करता, यात शंका नाही. पण जरा नोकरीचे दिवस आठवा. तुम्हाला फोन कधी यायचा? लाइन बंद पडली की. चालू मशीन बघायला मेंटेनन्सवाल्याला कुणी बोलावत नाही. बंद मशीनसमोर उभं राहून सप्लाय येतोय का, फ्यूज शाबूत आहे का, सेन्सर सिग्नल देतोय का, अशी एकेक शक्यता बाद करत जायचं, आणि तेही मागे सुपरवायझर घड्याळ बघत उभा असताना. हे काम तुम्ही आयुष्यभर केलंत. पुण्यातल्या कुठल्याही क्लासमध्ये पगारावर ठेवलेल्या पोरसवदा इन्स्ट्रक्टरकडे नसेल असं तुमच्याकडे जे आहे, ते हेच. आणि रविवारी तुम्ही नेमकं तेवढंच मुलांना मिळू देत नाही. फॉल्ट तुम्ही शोधता, मुलांच्या हाती आयतं चालणारं सर्किट येतं. दिवा लागतो, दोन मिनिटं बरं वाटतं, संपलं. पुढच्या रविवारी यायला कारण काय उरलं?

धीराचंही तसंच. हीच मुलं मोबाइलवरच्या गेमची एक पातळी ओलांडायला अख्खी दुपार हरत बसतात की नाही? पार्किंगमध्ये एक यॉर्कर जमेपर्यंत संध्याकाळ घालवतात. हार स्वतःची असली आणि पुढचा डाव आपल्याच हातात असला, की मुलं बरीच चिवट असतात. तुमच्या वर्गात सहाव्या रविवारपर्यंत त्यांना हरण्यासारखंच काही नव्हतं, आणि त्यानंतर तुम्ही हरू दिलं नाहीत.

पाया हवा, याबद्दल माझं दुमत नाही. मात्र तो आधी फळ्यावरच घालायचा, हे कुठून आलं? तुम्ही रेडिओ उघडलात तेव्हा तुम्हाला ओहमचा नियम येत होता का? आधी उघडलात, मार खाल्लात, आणि आत काय आहे हे कळावं म्हणून नंतर शिकलात. मुलांना तो क्रम उलटा का लावता?

एक उदाहरण घेऊ. एलईडी ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला थेट जोडू नये, हे तुम्ही सांगितलं असणारच. दाखवलंत का? डोळ्यांवर चष्मा चढवा, मुलांना लांब बसवा आणि एक तांबडी एलईडी मुद्दाम मारा. क्षणभर नको इतकी उजळते, रंग नारिंगीकडे झुकतो आणि विझते ती कायमची. एक-दोन रुपयांचा बळी. आता मुलंच विचारतील की ही मरू नये म्हणून काय करायचं. त्या वेळी फळ्याकडे वळा. बॅटरीचे ९ व्होल्ट, त्यातले साधारण २ एलईडीवर पडतात, उरले ७. प्रवाह १५ मिलिअँपिअरच्या आसपास हवा. ७ भागिले ०.०१५ म्हणजे ४६७, आणि दुकानात मिळतो ४७० ओहमचा. पिवळा, जांभळा, तपकिरी. सातवीच्या मुलाला एवढा भागाकार येतो. रंगांचा तक्ता पाठ करून घ्यायची गरजच पडत नाही, कारण डब्यातल्या शंभर रेझिस्टरमधून तो एक त्यालाच हुडकायचा असतो. पाच रविवारांचा पाया असा तासाभरात घालून होतो, आणि टिकतोही.

मग पहिला प्रोजेक्ट कोणता? तुम्ही सिंहगड रस्त्यावर राहता, म्हणजे टाकी आणि टँकर हे विषय घरातले आहेत. टाकी भरली की ओरडणारा अलार्म करायला द्या. बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, छोटा बझर, एक किलोओहमचा रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी आणि दोन लांब वायरी, एवढंच लागतं. एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी रेझिस्टरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला. बझर प्लस आणि कलेक्टरच्या मध्ये. एमिटर मायनसला. वायरींची उघडी टोकं पाण्यात बुडाली की पाण्यातून किंचितसा प्रवाह बेसपर्यंत पोचतो, आणि तेवढ्या जोरावर ट्रान्झिस्टर बझरला पुरेल इतका प्रवाह सोडतो. तुम्हाला यात नवं काही नाही, पण पाचवीतल्या मुलीनं बादलीत वायर बुडवल्यावर स्वतः जोडलेला बझर कोकलतो तेव्हा तिचा चेहरा बघा.

गंमत अशी की बऱ्याच जणांचा तो पहिल्या फटक्यात कोकलणार नाही. कुणी ट्रान्झिस्टर उलटा बसवलेला असेल. (सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. हे चित्र भिंतीवर मोठं करून लावा, तोंडी सांगू नका.) कुणाच्या बझरचे प्लस-मायनस उलटे असतील. कुणाची वायर ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता वायरी खोचायच्या भोकांच्या पाटीच्या) एक घर शेजारी खोचलेली असेल. काही लांब ब्रेडबोर्डांच्या कडेच्या पट्ट्या मधोमध तुटक असतात, अर्ध्या लांबीत सप्लाय असतो आणि पुढच्या अर्ध्यात नसतो. छापलेली तांबडी रेघ तिथे खंडित दिसते, पण ती दिसायला आधी अर्धा तास डोकं खाजवावं लागतं. तो अर्धा तास मुलांकडून काढून घेऊ नका.

तुमची परीक्षा तिथेच आहे. हात खिशात घाला, खरोखरच घाला. मुलगा म्हणेल, "काका, होत नाहीये." उत्तर म्हणून त्याच्या हातात मीटर (व्होल्ट, प्रवाह मोजणारा मल्टिमीटर) द्या आणि विचारा: बॅटरीपाशी किती व्होल्ट आहेत? बझरपाशी किती? मग हरवले कुठे? एवढे तीन प्रश्न. तुमचा चांगला मीटर घरी ठेवा, वर्गासाठी ते पिवळे स्वस्तातले डिजिटल मीटर आणा, दोघांत एक. फक्त एक गोष्ट शिकवून ठेवा: तांबडी तार १० अँपिअरच्या भोकात राहिली असताना व्होल्ट मोजायला गेलं की बॅटरी सरळ शॉर्ट होते. कंटिन्युटीची पिपाणी (दोन टोकांतून वीज जात असली की मीटर वाजतो ती) मात्र मुलांना मनसोक्त वाजवू द्या. चमचा, पेन्सिलीचं शिसं, चॉकलेटची चांदी, सगळ्याला तारा लावून बघतील. तो गोंगाट म्हणजे अभ्यासच आहे.

हा अलार्म मला आवडतो तो त्याच्या पुढच्या भानगडींसाठी. नळाचं पाणी, टँकरचं पाणी आणि आरओचं पाणी तीन वाट्यांत घ्या, दोन टोकांतलं अंतर तेवढंच ठेवा आणि बेसकडे जाणारा प्रवाह मीटरनं मोजा. आरओच्या पाण्यात क्षार कमी, त्यामुळे प्रवाह कमी. मग चिमूटभर मीठ टाका आणि पुन्हा मोजा. विज्ञानाच्या पुस्तकातला एक धडा इथे उरकला. आणि अलार्म खरंच बसवला, तर काही आठवड्यांनी एखादं मूल तक्रार घेऊन येईल की आता वाजत नाही. वायर काढून बघितली तर प्लसकडचं तांब्याचं टोक हिरवं-काळं पडून झिजलेलं आणि दुसरं त्या मानानं बरं. एकच का झिजलं? विचारा आणि गप्प बसा. शेवटी स्टीलचे स्क्रू लावायची कल्पना त्यांच्यातूनच निघेल. (टाकीवर मुलांनी चढायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी. चाचणी बादलीत, वर बसवायला सोसायटीचा प्लंबर. आणि सप्लाय फक्त बॅटरीचा, अडॅप्टर नको.)

पालक म्हणतील, छान आहे, पण यात रोबो कुठे आहे? त्यांना सांगा की रोबो म्हणवून घ्यायला तीन कामं यावी लागतात: भोवतालचं काहीतरी कळणं, त्यावरून ठरवणं आणि मग काहीतरी करणं. रिमोटची गाडी यातलं ठरवायचं काम करतच नाही, ते रिमोट धरणाऱ्याचा अंगठा करतो. या हिशेबानं तुमचा पाणी ओळखणारा अलार्म त्या व्हिडिओतल्या गाडीपेक्षा रोबोच्या जवळचा. हे वाक्य व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, भांडण होईल. समोरासमोर सांगा.

तुमच्या कारखान्यात ब्रेकडाउन रजिस्टर असणार. तसंच एक वर्गासाठी करा. साधी दोनशेपानी वही, रकाने चार: तारीख, काय होत नव्हतं, कारण काय निघालं, काय केलं. लिहायचं मुलांनी, सही ज्यानं फॉल्ट काढला त्याची. महिन्यातला एक रविवार नुसता फॉल्टसाठी ठेवा. आदल्या रात्री तुम्ही बसून पाच सर्किटं बिघडवून ठेवायची: एकात संपलेला सेल, एकात प्लास्टिकच्या आत तुटलेली वायर, एकात उलटी एलईडी, एकात ४७० च्या जागी ४७ हजारांचा रेझिस्टर. पाचवं पूर्णपणे ठीक ठेवा, आणि तसं सांगू नका. तुमच्याइतके सुंदर फॉल्ट पेरणारा माणूस सोसायटीत दुसरा नाही.

आता किटचा प्रश्न. किट वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. चाकं, पत्रा, स्क्रू मापात बसतात आणि लहान मुलाला झटकन काहीतरी चालतंय हे दिसतं, त्याचंही मोल आहे. खटकतं ते एवढंच, की जोडून झालं की ते शोकेसमध्ये जातं. २५-३० हजारांची १५ किटं घेऊ नका. तेवढ्यात चार-पाच वर्षांचं सुटं सामान येईल. चार जोड्यांना पुरतील इतके आर्डुइनोचे बोर्ड (प्रोग्रॅम घालून चालवायचे छोटे कॉम्प्युटरच), पिवळ्या बीओ मोटर (गिअर लावलेल्या छोट्या मोटर), त्यांना प्रवाह पुरवणारे मोटर ड्रायव्हर आणि थोडे सेन्सर घ्या, माझ्या अंदाजानं सहा-सात हजारांत भागेल. आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावी निघाला तो मुळात डिझाइन शिकणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक्स न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. त्याचा आराखडा कर्त्यांनी खुला ठेवला, म्हणून त्याच्याबरहुकूम बनवलेले स्वस्त बोर्ड आज आपल्याकडे सहज मिळतात आणि वर्गाला ते चालतात. पण ही पायरी अलार्म, अंधार पडला की लागणारा दिवा, हे झाल्यावर. पाचवी-सहावीला प्रोग्रॅम लिहायला न लावता ठोकळे जुळवणारी पद्धत द्या.

गाडी करायला घ्याल तेव्हा एक फॉल्ट न पेरताच उगवेल. मुलं हौसेनं ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावतील, कारण चित्रांत तीच असते. गाडी एक झटका देईल, थांबेल, पुन्हा झटका, पुन्हा थांबेल. आमच्या पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये येणारी मोठी मुलंसुद्धा अशा वेळी पहिला प्रोग्रॅम बदलायला धावतात. प्रोग्रॅमचा दोष नसतो. त्या बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त. मोटर सुरू होताना प्रवाह ओढते, व्होल्टेज कोसळतं, बोर्ड रीसेट होतो, मोटर सुटते, व्होल्टेज सावरतं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मोटर चालू असताना बॅटरीवर मीटर धरला की आकडा खाली जाताना डोळ्यांना दिसतो. चार पेन्सिल सेल होल्डरमध्ये घालून द्या, बहुतेक वेळा गाडी पळते. त्यातही एल२९८ चा ड्रायव्हर वापरलात तर दोनेक व्होल्ट तोच खातो, हेही मोजायला लावा.

रेघेवरून चालणारी गाडी कराल तेव्हा पांढऱ्या चार्टपेपरवर काळी चिकटपट्टी लावून मार्ग आखा, आणि तो एकदा मुद्दाम खिडकीपाशी न्या. सावलीत शहाण्यासारखी चाललेली गाडी उन्हाच्या कवडशात भरकटते. सेन्सर अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, इन्फ्रारेड) प्रकाशावर चालतो आणि उन्हात तो भरपूर. मुलांना आधी सांगू नका, एवढंच.

सोल्डरिंगबद्दल. त्या मुलाच्या आईला फोन करा, तिची काळजी रास्त होती. पाचवी-सहावीला सोल्डरिंग नकोच, ब्रेडबोर्ड आणि स्क्रूचे कनेक्टर पुरतात. आठवी-नववीला एका वेळी दोघंच, तुम्ही शेजारी, आयर्नला स्टँड, डोळ्यांवर गॉगल, खिडकी उघडी. नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून झाल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही. पोळलंच तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली बोट. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही. हे सगळं कागदावर लिहून दारावर लावा आणि फोनवर त्या आईला वाचून दाखवा. मुलगा परत येईल की नाही ते तिच्यावर सोडा. गोल बटन सेल आणि सुटे लिथियमचे सेल वर्गात आणूच नका. पहिले धाकटी भावंडं गिळतात, दुसरे शॉर्ट झाले तर पेट घेतात.

जोड्या लावताना डोळे उघडे ठेवा. मोठा आणि छोटा एकत्र बसवला की छोटा फक्त वायर धरून राहतो. मुलगा-मुलगी एकत्र असले की बरेचदा स्क्रूड्रायव्हर त्याच्याकडे आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहिणं तिच्याकडे. दर पंधरा मिनिटांनी टाळी वाजवून हात बदलायला लावा. सारख्या वयाच्या जोड्या उत्तम.

फुकट शिकवणं तुमचा मोठेपणा, पण पुण्यात फुकटच्या वर्गाला मावसभावाच्या वाढदिवसासाठीही दांडी मारली जाते. शिकवण्याचे पैसे नकोत तर सामानाचे घ्या, प्रोजेक्टमागे शंभर-दीडशे रुपये, आणि केलेली वस्तू मुलाला घरी नेऊ द्या. घरी गेलेला अलार्म आजीला दाखवला जातो, बिघडतो, आणि त्यामुळे मूल पुढच्या रविवारी हजर असतं. ज्याला पैसे देणं जड जाईल त्याच्याकडून न बोलता घेऊ नका.

सामान आणायला एकदा आठवी-नववीच्या मुलांना पालकांसकट बुधवार पेठेत न्या, पासोड्या विठोबाच्या परिसरातून तपकीर गल्लीत. यादी मुलांनी करायची, मागायचंही मुलांनीच. काउंटरवरचा माणूस "किती व्होल्टचा? किती अँपिअरचा?" असं विचारतो, तेव्हा गडबडलेलं मूल घरी जाऊन वही उघडतं. दुकानांची सुट्टी आधी विचारून घ्या. जुन्या मोटरी आणि गिअरसाठी मोडके प्रिंटर, टेपरेकॉर्डर आणि खेळणी बघायची तर जुना बाजार आहेच.

तुमच्यासारखी पत्रं मला शिक्षकांकडून आणि आयांकडूनही येतात, फरक इतकाच की त्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नसतं आणि त्याचीच भीती असते. त्यांनाही इथेच सांगते: न येणं फार आड येत नाही. मुलांबरोबर मीटर धरून "कुठे हरवलं?" विचारता आलं तरी खूप झालं. कॉम्प्युटर असेल तर टिंकरकॅड या वेबसाइटवर सर्किट फुकटात जोडून बघता येतं, तिथे जळतं ते चित्रातच. पण त्यावर थांबू नका, कारण तिथली वायर कधीच लूज नसते. अरविंद गुप्तांनी आयुकाच्या (पुण्यातल्या खगोलविज्ञान संस्थेच्या) मुलांसाठीच्या विज्ञान केंद्रात काम करताना टाकाऊ वस्तूंतून जी खेळणी लोकांपर्यंत नेली, त्यातली सेल, चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि एनॅमलच्या तारेचं वेटोळं यांची मोटर घरी करून बघा. तारेचं एक टोक पूर्ण खरवडायचं आणि दुसरं फक्त एका बाजूनं. दोन्ही पूर्ण खरवडली तर वेटोळं फिरायच्या ऐवजी डुगडुगत राहतं, आणि ते का, हे शोधण्यात एक संध्याकाळ मजेत जाते. पुणे जिल्ह्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. हातानं काम करता करता शिकायचं हेच तिथलं सूत्र. २००२ पासून तिथे फॅब लॅबही (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवायची कार्यशाळा) आहे. आधी विचारून मुलांना दाखवून आणण्यासारखी जागा.

आता तुमचा मूळ प्रश्न, बंद करू का? थकला असाल, गुडघे बोलत असतील, तर बंद करण्यात कमीपणा नाही, आणि त्यासाठी मुलांच्या नावानं बोटं मोडायचीही गरज नाही. पण पत्र तुम्ही दोन पानं लिहिलंय, आणि त्यातलं दीड पान सर्किटांविषयी आहे. थकलेला माणूस एवढं लिहीत नाही. जी चार मुलं उरलीत त्यांच्या दोन जोड्या करा आणि येत्या रविवारी अलार्म सुरू करा. बाकीच्या ११ जणांना निरोप धाडू नका, चार अलार्म चार मजल्यांवर वाजले की त्यांना आपोआप कळेल. चारच राहिली, तरी चौघांना नीट फॉल्ट काढता येणं हा मोठा आकडा आहे. तुमच्या विभागात तरी असे किती जण होते?

आणि गणपती तोंडावर आहेत. सोसायटीच्या मंडपात सेक्रेटरींकडून एक टेबल मागून घ्या. गाडी पळवून दाखवू नका. टेबलावर पाटी लावा: "सेलवर चालणारी बंद पडलेली वस्तू आणा." खेळणी, टॉर्च, टीव्हीचे रिमोट, भिंतीवरची घड्याळं. मुलं मीटर घेऊन बसतील, तुम्ही मागे खुर्ची टाकून. निम्म्या रिमोटांत गळलेले सेल आणि गंजलेली स्प्रिंग निघेल, ते सँडपेपरनं घासून हात धुवायला लावा. प्लगवर चालणारं काहीही घ्यायचं नाही, चार्जरही नाही. मिक्सर घेऊन कुणी काकू येणारच, आणि "एवढं बघून द्या ना" म्हणणारच. त्यांना आरतीचा प्रसाद द्या आणि मिक्सर परत न्यायला सांगा.